मुलं घरी शिकतात आणि परदेशी जायचंय: कोकणातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, गुहागर, देवगड, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यात मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं फार नाहीत, पण एकमेकांना ओळखतात. त्यांतल्या कुणाला मस्कतला नोकरी लागते, कुणाची बायको नर्स म्हणून आयर्लंडला निघते, कुणाला कंपनी न्यू जर्सीला पाठवते. मग फोन येतो: "आता मुलांचं काय?" आमचीही मुलं घरी शिकतात आणि अशा कुटुंबांना कागदपत्रं जमवायला आम्ही जमेल तशी मदत करतो. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. घरी शिकवण्याची मुभा तुमच्या पासपोर्टाबरोबर जात नाही. मूल ज्या देशात, ज्या राज्यात राहणार तिथला कायदा त्याला लागतो. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी मुलांच्या शिक्षणाचा नियम वाचा. विमानाचं तिकीट काढल्यावर वाचून उपयोग नाही.

भारतात आम्ही जे करतोय ते कायदेशीर आहे का? तिकडे विचारलं तर काय सांगायचं?

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, मात्र ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा या कायद्यात नाही. घरच्या शिक्षणाला परवानगी द्यायची, नोंदणी करायची अशी कोणतीही व्यवस्था त्यात नाही. म्हणजे बंदी घालणारं कलम नाही आणि हातात ठेवता येईल असं परवानगीपत्रही नाही.

परदेशातल्या अधिकाऱ्याने विचारलं तर सरळ सांगा: अमुक वर्षापासून आईवडिलांनी घरी शिकवलं, हे त्याचं रेकॉर्ड. आपल्याकडे काही जण गावच्या शाळेत नाव घालून ठेवतात आणि निघताना दाखला घेतात. तो दाखला दाखवून मूल रोज शाळेत जात होतं असं भासवू नका. तिथली शाळा मुलाची पातळी तपासते, मुलाशी बोलते, आणि आठ-नऊ वर्षांचं पोर आईवडिलांसाठी खोटं बोलत बसलेलं पाहवत नाही. खरं सांगणाऱ्याला बहुतेक ठिकाणी मदतच मिळते.

कोणत्या देशात घरी शिकवता येतं आणि कोणत्या नाही?

इंग्लंड, आयर्लंड, अमेरिकेची सगळी राज्यं, कॅनडाचे प्रांत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे ते कायद्याने करता येतं. फरक फक्त नोंदणी किती कडक याचा. नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड इथेही चालतं, तिथे स्थानिक प्रशासन मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवतं.

जर्मनीत जवळजवळ अशक्य. स्वीडनमध्ये २०१० च्या शिक्षण कायद्यानंतर फक्त अगदी असाधारण परिस्थितीत परवानगी मिळते. नेदरलँड्समध्ये पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे आणि सूट मिळते ती धार्मिक किंवा जीवनदृष्टीच्या कारणावरून, अटी घालून. "आम्ही घरी जास्त चांगलं शिकवतो" हे कारण तिथे चालत नाही. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवलं की पुरायचं. ऑगस्ट २०२१ च्या कायद्याने ते बदललं आणि २०२२ च्या शैक्षणिक वर्षापासून आधी परवानगी घ्यावी लागते. मुलाचं आजारपण किंवा अपंगत्व, खेळ वा कलेचा गंभीर सराव, कुटुंबाची सततची भटकंती किंवा शाळेचं अंतर, आणि मुलाची स्वतःची विशेष परिस्थिती, एवढीच कारणं. शिवाय फ्रान्समध्ये शिक्षणाची सक्ती तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, हे आपल्याकडच्या पालकांच्या लक्षातच येत नाही.

सिंगापूरचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तिथल्या नागरिकांच्या मुलांसाठी आहे. परदेशी कुटुंबांना तो लागत नाही.

जर्मनीची संधी आली आहे. काहीतरी मार्ग असेलच ना?

हा प्रश्न हल्ली खूप येतो. महाराष्ट्र शासनाचा २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, तेव्हापासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्सिंग केलेल्या मुली, सगळेच चौकशी करतात.

घरी शिकवण्याचा मार्ग नाही, असंच धरून चला. शाळेत जाण्याची सक्ती तिथल्या प्रत्येक राज्याच्या कायद्यात आहे आणि ती राहणाऱ्या सगळ्या मुलांना लागते, मग पासपोर्ट कुठलाही असो. पालकांनी हा नियम न्यायालयात नेऊन पाहिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये जर्मनीच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या प्रकरणात मुलांना काही आठवडे घरातून काढून नेलं होतं, आणि तरीही न्यायालयाला त्यात कुटुंबाच्या हक्कांचा भंग दिसला नाही. दंड होतो, आणि त्याच्या पुढेही गोष्ट जाऊ शकते. इंटरनेटवर "आम्ही दोन वर्षं गुपचूप केलं" असं सांगणारे भेटतात. नव्या देशात, तात्पुरत्या व्हिसावर, भाषा येत नसताना मुलांना लपवून ठेवणं हे मुलांवर अन्याय करणारं आहे, असं मला मनापासून वाटतं.

मात्र जर्मनीतली शाळा म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा कोंडवाडा नव्हे. प्राथमिक शाळा पुष्कळ ठिकाणी दुपारपर्यंत सुटते. उरलेला दिवस तुमचा. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी 'फोरबेराइटुंग्सक्लासे' म्हणजे तयारीचे वर्ग असतात. माँटेसरी, वॉल्डॉर्फ अशा वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या खासगी शाळा सक्तीच्या चौकटीतच येतात. वॉल्डॉर्फची पहिली शाळा १९१९ मध्ये याच राज्यात, श्टुटगार्टला निघाली. घरी मोकळेपणाने शिकलेल्या मुलांना अशी शाळा सोपी जाते.

मुलाच्या वयाकडे मात्र नीट पाहा. चौथीनंतर तिथे शाळांचे प्रकार वेगळे होतात आणि मूल पुढे कुठल्या वाटेने जाईल ते बरंचसं तिथे ठरतं. नऊ वर्षांचं मूल भाषा न येता पोचलं तर त्याला वेळ कमी मिळतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो भरपूर मिळतो. जाणारच असाल तर जर्मनचा क्लास आजपासून लावा, आणि तो मुलांनाही लावा.

इंग्लंड आणि आयर्लंड?

इंग्लंडचा आधार म्हणजे १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ७. मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि विशेष गरजांना साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळालं पाहिजे, शाळेत "किंवा अन्य प्रकारे". त्या शेवटच्या शब्दांत घरचं शिक्षण बसतं. राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याची सक्ती नाही, परीक्षा नाहीत, तासांचं वेळापत्रक नाही. स्थानिक काउन्सिल चौकशी करू शकते, आणि समाधान झालं नाही तर शाळेत घालण्याचा आदेश काढू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात घरी शिकणाऱ्या मुलांच्या सक्तीच्या नोंदवहीची तरतूद आहे. म्हणून चार वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीच्या अनुभवावर राहू नका, जाताना नियम स्वतः पुन्हा वाचा.

व्हिसाचंही बघा. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये साध्या मास्टर्ससाठी जाणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं नेता येत नाहीत, संशोधनाच्या अभ्यासक्रमांना येतात. मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या केअर वर्करनाही कुटुंब नेता येत नाही, आणि जुलै २०२५ पासून परदेशातून अशी नवी भरतीच बंद झाली आहे.

आयर्लंडमध्ये तर राज्यघटनेच्या ४२ व्या कलमातच घरी शिक्षण देण्याचा पालकांचा हक्क लिहिलेला आहे. सहा ते सोळा वयाच्या मुलाची 'तुस्ला' या बालक-कुटुंब संस्थेकडे नोंदणी करायची, त्यांचा माणूस येऊन बोलतो, काय शिकवता ते पाहतो. भारतीय नर्सेस पुष्कळ तिकडे जातात, आणि घरी शिकवणाऱ्यांसाठी युरोपातला माझ्या मते हा सगळ्यांत सोयीचा देश.

अमेरिकेत सगळीकडे चालतं म्हणतात. मग काळजी कशाची?

चालतं सगळीकडे, पण पन्नास राज्यांचे पन्नास नियम. घर कुठे भाड्याने घेता यावर तुमचं पुढचं सगळं वर्ष ठरतं.

समजा नोकरी फिलाडेल्फियाच्या आसपास आहे. डेलावेअर नदीच्या पूर्वेला न्यू जर्सी. तिथे कायदा म्हणतो, शाळेबाहेर शाळेच्या तोडीचं शिक्षण द्या. आधी कुणाला कळवायचं नाही, परीक्षा नाही, वार्षिक अहवाल नाही. नदीच्या पश्चिमेला पेनसिल्व्हेनिया. तिथे दरवर्षी शपथपत्र, १८० दिवसांच्या शिक्षणाची नोंद, मुलाच्या कामाची फाईल, तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित चाचणी, लसीकरणाचा पुरावा, आणि वर्षाअखेरीस पात्र मूल्यमापकाकडून तपासणी. शिकवणाऱ्या पालकाकडे किमान हायस्कूल पास झाल्याचा कागद हवा. ठरलेले विषय इंग्रजीतून शिकवले जातात असंही त्या शपथपत्रात लिहून द्यावं लागतं. मराठीतून शिकवणाऱ्या घराला ही अट लागलीच जाणवते.

पूल ओलांडून रोज कामाला जाणारे हजारो लोक आहेत. मग घर कुठल्या बाजूला घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

टेक्सास सैल आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घरच्या शाळेला खासगी शाळा मानलं. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढे विषय प्रामाणिकपणे शिकवा, बस. न्यूयॉर्क कडक: आधी सूचनापत्र, मग वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल, वर्षाला एक मूल्यमापन. कॅलिफोर्नियात पालक १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान खासगी शाळेचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरतात.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया?

कॅनडा प्रांतावर. ओंटारियोत शाळा मंडळाला पत्र दिलं की बहुधा पुरतं. ब्रिटिश कोलंबियात ३० सप्टेंबरपर्यंत नोंद करायची. क्वेबेक सगळ्यांत कडक, तिथे शिक्षणाचा आराखडा आणि सरकारी देखरेख दोन्ही आहे. ऑस्ट्रेलियात राज्याकडे रीतसर नोंदणी लागते. स्टुडंट व्हिसावर मुलांना घेऊन जाणार असाल तर तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या शाळकरी मुलाच्या शिक्षणाची योग्य सोय करणं ही व्हिसाचीच अट असते, त्यामुळे तुमच्या व्हिसावर घरचं शिक्षण त्यात बसतं का हे लेखी विचारून घ्या.

आम्ही आखातात चाललोय. तिथे तर निम्मं गाव आहे.

खरंच आहे. खेड, चिपळूण, रत्नागिरी, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या घरांत आखाताशी नातं तीन-तीन पिढ्यांचं आहे, त्यामुळे सल्ला द्यायला माणसं भरपूर. पण ज्यांची मुलं तिथल्या भारतीय शाळेत गेली त्यांना घरच्या शिक्षणाची गुंतागुंत माहीत नसते.

परदेशी कुटुंबं तिथे मुलांना घरी शिकवताना दिसतात. अडचण येते ती पुढे शाळेत जायची वेळ आली की. आखातातल्या बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईच्या, आणि सीबीएसईत थेट दहावीत प्रवेश मिळत नाही. नववी संलग्न शाळेतून पूर्ण केलेली लागते. बोर्डाची नोंदणीही नववीत आणि अकरावीत होते. म्हणून "दहावीला घालू शाळेत" हा विचार सोडा. नववीच्या सुरुवातीला शाळेत, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिची परीक्षा केंद्रं आखाती देशांतही आहेत.

कोणते कागद, कुठून?

जन्मदाखला पहिला. ग्रामपंचायतीचा जुना दाखला काढून पाहा, कित्येकांत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि आईवडिलांची नावं. जन्मनोंदीत नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, ते आधी करून घ्या. दाखला, पासपोर्ट आणि आधार यांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम आणि स्पेलिंग एकच आहे ना ते पाहा. एका अक्षराच्या फरकापायी तिकडे आठवडे जातात, आणि गावाकडून कागद दुरुस्त करून मागवणं तिथे बसून फार कठीण.

मग प्रमाणीकरण. अपॉस्टिल म्हणजे करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद खरे मानावेत यासाठीचा शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे. आधी राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, असा क्रम. कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिल चालतं. संयुक्त अरब अमिरात आणि कुवेत या करारात नाहीत, तिथे दूतावासाचा शिक्का लागतो. मुंबईला फेऱ्या माराव्या लागतात किंवा एजन्सी गाठावी लागते. पावसाळ्याआधी हे काम उरकलं तर बरं. दरड कोसळून घाट बंद झाला की आपलं वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही.

मूल कधीच शाळेत गेलं नाही. शिकल्याचा पुरावा काय दाखवू?

या प्रश्नावर पालक सगळ्यांत जास्त घाबरतात, आणि खरं तर इथेच आपली मुलं श्रीमंत आहेत.

समुद्राकाठी वाढलेल्या मुलाने रोज भरतीची वेळ लिहिली तर ती दिवसाला साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्याला आपोआप दिसतं. ते गणित आहे, खगोल आहे, आणि वहीत असेल तर पुरावाही आहे. रापण ओढताना मिळालेल्या माशांची नावं, चित्रं, वजनं, बाजारभाव. लावणीच्या आधी आणि नंतर खाचरात किती पाणी होतं. पर्जन्यमापक लावून जूनपासून रोजचा पाऊस आणि त्याचा आलेख. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहून लिहिलेलं पानभर टिपण. उक्षी, बारसू किंवा कुडोपीच्या सड्यावरच्या कातळशिल्पांची मोजमापं घेऊन केलेली रेखाटनं. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, हे त्या पानावर लिहा, म्हणजे परक्या वाचणाऱ्याला महत्त्व कळेल. १६६४ साली पाया घातलेल्या सिंधुदुर्गावर जाऊन आलेल्या मुलाने किल्ल्याचा नकाशा काढला तर इतिहास आणि भूगोल दोन्ही आले. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या ज्या घरांनी वाशिष्ठीचं पाणी अंगणात पाहिलं, त्या घरातल्या मुलांनी आजीकडून ऐकून लिहिलेली हकीकत कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या धड्याहून भारी आहे.

फक्त हे सगळं वाचणाऱ्याला कळेल असं मांडायला हवं. प्रत्येक पानावर तारीख, मुलाचं वय, विषय, आणि एक-दोन ओळींत त्याने काय केलं. फोटो थोडे, मुलाच्या हातचं लिखाण जास्त. चुका खोडून सुंदर करू नका. जानेवारीतलं आणि डिसेंबरमधलं अक्षर शेजारी ठेवलं की प्रगती दिसते, आणि अधिकाऱ्याला पाहायची असते ती तीच. गणित आणि भाषेचं काम वेगळं काढा, कारण प्रश्न तिथूनच सुरू होतात. वाचलेल्या पुस्तकांची यादी जोडा. सुरुवातीला इंग्रजीत एक पानाचा गोषवारा द्या. सगळ्याचं भाषांतर करायची गरज नाही.

सरकारी शिक्का हवाच असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत.

लसी?

माता-बाल संरक्षण कार्ड सापडतंय का ते आजच पाहा. हरवलं असेल तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना भेटा, त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद असते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी एमआर लस गोवर आणि रुबेलाची आहे. अमेरिकेतली राज्यं बहुधा एमएमआर मागतात, त्यात गालगुंडही येतं. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. म्हणजे सगळ्या सरकारी लसी वेळेवर घेतलेल्या मुलालाही तिकडे एक-दोन टोचून घ्याव्या लागतात. त्या इथेच बालरोगतज्ज्ञांकडे घ्या, दोन डोसांमधलं अंतर धरून आधी सुरुवात करा. जर्मनीत १ मार्च २०२० पासून शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो.

आमची मुलं मराठीतून शिकली आहेत. इंग्रजी बेताचं आहे.

मुलाला मराठीत नीट वाचता, लिहिता, विचार करता येत असेल तर पाया पक्का आहे. घाबरून घरातली भाषा बदलू नका. निघायच्या आधीचं वर्ष रोज थोडं इंग्रजी ऐकणं आणि बोलणं ठेवा. गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत करून घ्या. 'लसावि' आणि 'मसावि' उत्तम येणारा मुलगा इंग्रजी प्रश्न वाचून गप्प बसला तर परीक्षकाला त्याला गणितच येत नाही असं वाटतं.

तिकडे गेल्यावर मराठी सुटू देऊ नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात. पुष्कळ शहरांत महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत.

नवरा जहाजावर असतो. सह्यांचं कसं?

लहान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, परिशिष्ट डी. एकाची संमती मिळू शकत नसेल तर परिशिष्ट सी. तो घरी असतानाच सगळं करून घ्या. एकट्या आईबरोबर मुलं प्रवास करणार असतील तर वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा, कॅनडाच्या विमानतळावर ते विचारू शकतात. होमस्कूलिंगच्या नोंदणीवर दोघांची सही लागते का तेही आधी पाहा.

शाळेत घालावंच लागलं तर? आमचं मूल तिथे टिकेल का?

टिकतं. आधी त्याला खरं सांगा: हा त्या देशाचा नियम आहे, तू काही कमी पडलास म्हणून शाळेत पाठवत नाही. घरी वाढलेल्या मुलाला अभ्यास जड जात नाही. जड जातं ते घंटेवर उठणं-बसणं, लघवीला जायला विचारणं, ठरावीक वेळात डबा संपवणं, वीस मुलांच्या गलक्यात बसणं. हे इथे असतानाच थोडं सवयीचं करता येतं. उन्हाळी शिबिर, तालुक्याचं वाचनालय, नाटकाची तालीम, जिथे दुसऱ्या कुणाच्या सूचना ऐकाव्या लागतात तिथे पाठवा.

पहिले दोन-तीन महिने संध्याकाळी काहीही शिकवू नका. जेवण, खेळ, झोप, आणि गावी व्हिडिओ कॉल. शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटून सांगा की हे मूल पहिल्यांदाच शाळेत येतंय. त्यांना ते कळलं की गप्प बसणाऱ्या मुलाकडे ते वेगळ्या नजरेने पाहतात. कौतुकाची गोष्ट अशी की मोठ्या माणसांशी सहज बोलणं आणि एकट्याने बराच वेळ एखाद्या कामात रमणं या मुलांना येतं, आणि ते शिक्षकांच्या लवकर लक्षात येतं.

गणपतीला गावी येता येईल ना?

घरी शिकवत असाल आणि राज्याचे दिवसांचे हिशोब पूर्ण होत असतील तर खुशाल या. शाळेत घातलं असेल तर सांभाळून. इंग्लंडमध्ये शाळेच्या दिवसांत परवानगीशिवाय पाच दिवस गैरहजेरी झाली की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत न भरल्यास १६०. जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही सुट्टीबाहेर मूल नेल्यास दंड आहे.

बाडेन-व्युर्टेंबर्गची उन्हाळी सुट्टी साधारण जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. २०२७ ची गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, म्हणजे पाच दिवसांचा गणपती त्या सुट्टीत मावतो. २०२६ ची १४ सप्टेंबरला, ती हुकते. घरात गणपती असलेल्यांनी पुढच्या चार वर्षांच्या तारखा आधीच मांडून ठेवाव्यात.

दहावी इथून द्यावी की तिकडून?

मूल चौदा-पंधराचं असेल तर माझं स्पष्ट मत: शक्य असेल तर दहावी आधी, प्रवास नंतर. राज्य मंडळाची परीक्षा १७ नंबर फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे. एनआयओएसला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि विषय सुटे सुटे देता येतात.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असण्याची अट असते. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल आणि परत यायचा विचार असेल तर हे आताच समजून घ्या. अमेरिकेत पालकांनी स्वतः सही करून दिलेला हायस्कूल डिप्लोमा तिथल्या कॉलेजांना चालू शकतो. भारतात तो चालेल असं गृहीत धरू नका, जोडीला केंब्रिज बोर्डाची किंवा एनआयओएसची परीक्षा ठेवा.

परत आलो तर मुलांना शाळा घेईल का?

चौदा वर्षांपर्यंत घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष सुरू झालं म्हणूनही नाही. मुख्याध्यापक अडले तर हे कलम नम्रपणे दाखवा, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

तिथल्या कार्यालयाला पहिलं पत्र काय लिहू?

थोडक्यात लिहा. आम्ही अमुक महिन्यात तुमच्या भागात राहायला येत आहोत, व्हिसा अमुक प्रकारचा. मुलांची वयं ही. ती आजवर भारतात घरी शिकली आहेत. मग चार प्रश्न, आकडे घालून. एक, आमच्या व्हिसावर आणि या वयात घरी शिक्षण चालू ठेवता येईल का? दोन, पोचल्यापासून किती दिवसांत आणि कुणाकडे कळवायचं? तीन, मुलांचं मराठीतलं काम चालेल का, किती भाषांतर हवं? चार, परवानगी नसेल तर पत्त्यानुसार शाळा कोणती आणि नवी भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी वर्ग आहे का? उत्तर ईमेलवरच मागा. फोनवर कुणी "चालेल" म्हणालं तर त्याच दिवशी "आपण आज असं सांगितलंत, बरोबर ना?" असा ईमेल पाठवा आणि आलेलं उत्तर छापून मुलांच्या फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा.